जगनकाकांचा ब्रेकलाइट

खुर्चीतून उठण्याआधी जगनकाका "उठतो बरं" असं म्हणत आणि मगच उठत. शिंक येणार असली की उजवा हात वर करून समोरच्याचं बोलणं थांबवत, आणि शिंक आलीच नाही तर "कॅन्सल" म्हणून हात खाली घेत. फोन ठेवताना "ठेवतो... ठेवून राहिलो... ठेवला" अशा तीन पायऱ्या. सायकलवरून येताना आमच्या गल्लीत वळायचं असलं, तर त्यांचा डावा हात पार पिठाच्या गिरणीपासून बाहेर निघे. गिरणी आणि आमची गल्ली यांच्यामध्ये आणखी दोन गल्ल्या आहेत. मागून येणाऱ्याला वाटे, हे आता वळणार. तो ब्रेक मारी, आणि काका हात तसाच आडवा धरून सरळ पुढे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मॅडम, पहिले सांगा, मंग वळा. वळल्यावर सांगून काय उपेग?" मागचे लोक काय म्हणतात ते ऐकायला ते कधी थांबले नाहीत.

मला या सवयीचा राग येई. मी मुळात चिडकी. वर्गात चाळीस मुलांपुढे जो संयम लागतो तो मी तिथेच संपवून येते, घरी आणायला काही उरत नाही. आणि लग्न होऊन बऱ्हाणपूरला आल्यापासून वीस वर्षं समोरचं दार जगनकाकांचं. पावरलूमच्या कारखान्यात ते जॉबर होते. जॉबर म्हणजे लूम बिघडली की दुरुस्त करणारा, बिघडली नसली तरी कान लावून बसणारा. त्या खडखडाटात चाळीस वर्षं काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येई आणि स्वतः मात्र ते गल्लीच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत पोहोचेल एवढ्या आवाजात बोलत. वयाने माझ्या वडिलांएवढे, पण मी शिक्षिका म्हणून मला कायम 'मॅडम' आणि 'तुमी'. निवृत्त झाल्यावर लूम संपल्या, मग त्यांनी गल्ली हातात घेतली. कुणाचा पंखा, कुणाची मोटर, कुणाच्या कुकरची शिट्टी. पैसे घेत नसत. त्यामुळे नाही म्हणता येत नसे, हीच तर पंचाईत.

माझी गाडी त्यांच्या हातात गेली त्याची गोष्ट अशी. माझी बदली डोईफोडियाला झाली. तिथल्या मराठी शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. बऱ्हाणपूरहून खकनारच्या रस्त्याने तासभर लागतो, बसचा काही भरवसा नाही, आणि आता हजेरी मोबाइलवर लागते, तीही शाळेच्या आवारात उभं राहून. दहा मिनिटं उशीर झाला की मोबाइल मला गैरहजर ठरवून मोकळा होतो. बसने जाऊन एका महिन्यात मला दोन खुलासे लिहावे लागले. म्हणून त्रेचाळिसाव्या वर्षी मी गाडी शिकले आणि एक जुनी, लहान, करड्या रंगाची गाडी घेतली. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाने खकनारच्या रस्त्याला एकटीने गाडी घालायची म्हणजे कमाल आहे. नवरा, म्हणजे सुनील, काही म्हणाला नाही. तो नुसता रोज संध्याकाळी गाडीभोवती एक फेरी मारून नवीन ओरखडा आहे का ते बघे. मी मात्र खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा कुठे जायचं तर कुणाच्या मागे बसायचं नव्हतं.

जुलैत एका सकाळी रस्त्यात गुरं आली, मी ब्रेक मारला, आणि मागच्या जीपने येऊन धाड्‌कन ठोकलं. कुणाला लागलं नाही. जीपवाला उतरून ओरडला, "लाइट तो जलाओ मॅडम! रुक रहे हो, पता कैसे चलेगा?" त्यालाच ब्रेक दाबायला लावून मागे जाऊन पाहिलं, तर खरंच, माझे ब्रेकलाइट लागतच नव्हते. दोन्ही आधीपासून मेलेले असावेत, त्यात उजव्याची काच या ठोकरीत फुटली. गॅरेजवाल्याने सांगितलं, ही गाडी बनायची बंद झाली, दोन्ही दिवे मागवावे लागतील, महिना लागेल. आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी त्याला पुन्हा विचारलंसुद्धा नाही. सुनील एकच वाक्य बोलला: "मागचे लाइट लागत नाहीत तोवर गाडी बाहेर काढायची नाही." सासूबाईंच्या चेहऱ्यावर मी नको तेवढं समाधान पाहिलं. म्हणजे पुन्हा बस, पुन्हा खुलासे, आणि एकदा थांबलेली गाडी पुन्हा माझ्या हाती कोण देणार?

हे सगळं आमच्या ओट्यावर चाललेलं असताना समोरून आवाज आला, "येऊन राहिलो." आणि काका आले. गाडीच्या मागे उकिडवे बसले, फुटक्या काचेत बोट घालून पाहिलं, आणि जाहीर केलं, "घरीच होते हे. दोन दिवसाचं काम. बाजाराचा दिवा काय दिवा हाय? मी तुमाले असा बनवून देतो, का मागचा माणूस अर्ध्या कोसावरून समजून जाईन."

मी हो म्हटलं. आता कधीकधी वाटतं, त्याच वेळी हात वर करून "कॅन्सल" म्हणायला हवं होतं.

दोन दिवसांचे एकवीस झाले. पहिल्या दिवशी दिवे सोडवले. दुसऱ्या दिवशी कळलं की दिव्याची लाल काच मागच्या डब्याला कारखान्यातच चिकटवलेली असते आणि तो चीक गरम केल्याशिवाय सुटत नाही. काकांनी हेअर ड्रायर मागितला, माझ्याकडे नव्हता. गरम पाण्यात बुडवून पाहिलं, सुटला नाही. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून, म्हणजे बसमधून, मान दुखवून घेऊन परतले तर काकांच्या अंगणात चूल पेटलेली, चुलीवर काकींचं पुरणाचे मांडे भाजायचं मातीचं खापर पालथं ठेवलेलं, आणि त्या खापरावर ओल्या फडक्यात गुंडाळलेला माझा डावा ब्रेकलाइट. काका समोर पाटावर बसून दर मिनिटाला तो मांड्यासारखा हलक्या हाताने फिरवत होते.

"एकसारखी आंच पाहिजे मॅडम," ते मला पाहून म्हणाले. "तव्यावर एकाच जागी जळते. खापरावर बरोबर येते."

आणि खरंच, चीक सुटला. काच अलगद हातात आली. पण प्लॅस्टिकचा वास खापरात जो बसला तो बसलाच. ते खापर काकींनी लग्नात माहेरहून आणलेलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, साऱ्या गल्लीचे मांडे त्याच्यावर होत. काकी बाजारातून आल्या, त्यांनी दारातच वास घेतला, चुलीकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. काकांनी त्यांनाही आधी सांगितलं होतं म्हणे. "मी सकाळीच सांगितलं ना तुले, खापर घेतो म्हणून!" यावर काकी म्हणाल्या, "सांगितलं म्हंजे विचारलं असते काय?" आणि आत गेल्या. दोन दिवस त्या माझ्याशीही बोलल्या नाहीत. गाडी माझी, दिवा माझा, मग राग माझ्यावर निघणार नाही तर कुणावर?

दिव्याच्या आतली चकाकी उडाली होती, तिथे काकांनी फरसाणच्या पाकिटांची आतली चंदेरी बाजू कापून चिकटवली. बल्बऐवजी आमच्याच गणपतीच्या मखराची एलईडीची लाल पट्टी तुकडे करून बसवली. फुटलेल्या काचेला भंगारवाल्याकडून कुठल्याशा टेम्पोच्या दिव्याचा तुकडा आणून जोडला. मग पाऊस झाला आणि दोन्ही दिव्यांत पाणी शिरलं. पुन्हा खापर (आता ते बिघडलेलंच होतं), पुन्हा काच सोडवली, आणि या वेळी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून कडेने बसवली. यातला प्रत्येक टप्पा काका आदल्या दिवशी जाहीर करत. "उद्या ट्यूब लावतो." "परवा वायर टाकतो." मी रोज सकाळी सव्वासातच्या बसला धावत होते आणि रोज संध्याकाळी उद्या काय होणार ते ऐकत होते. तिसरा खुलासा लिहिताना मी इतकी रडकुंडीला आले होते की कारणाच्या रकान्यात 'जगनकाका' असं लिहावंसं वाटलं.

पण दिवे जेव्हा लागले तेव्हा मला कबूल करावं लागलं. भर उन्हात, दुपारी, लाल! काय त्यांचा तो लखलखाट! सुनील गाडीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, कंपनीचे काय असतील!" काकांनी खिशातून हात काढले, पुन्हा खिशात घातले. मला त्या क्षणी त्यांच्याबद्दल इतकं प्रेम वाटलं की एकवीस दिवस माफ करून टाकले.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन निघाले. सिग्नलपर्यंत जाईतो मागून तीन हॉर्न. खकनार रोडला लागले तर मागची प्रत्येक गाडी एकतर चिकटून हॉर्न मारते, नाहीतर शिव्या घालत पुढे जाते. एक रिक्षावाला बरोबरीने आला आणि हसत ओरडला, "मॅडम, ब्रेकवरून पाय काढा! गाडी जळून जाईल!" माझा पाय ब्रेकवर नव्हता. शाळेत पोहोचले तर आमचे एक सर मोटारसायकलवरून मागे मागेच आले होते. ते स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, नवीन शिकणाऱ्यांचं असंच होते, घाबरून ब्रेकवरच पाय राहते. हळूहळू जाईल भीती." हे असं आठ दिवस. नवव्या दिवशी सुनील बाजारातून माझ्या मागून आला आणि घरी येऊन सासूबाईंच्या देखत म्हणाला, "तू सारखी ब्रेक दाबत चालवतेस." एवढ्या मेहनतीने कमावलेलं माझं ड्रायव्हिंग, आणि मागून पाहणाऱ्या अख्ख्या जिल्ह्याला मी घाबरट बाई दिसत होते!

मी तरातरा समोर गेले. काका अंगणात होते. मी विचारलं, "काका, हा दिवा ब्रेक न दाबता कसा लागतो?"

ते इतके आनंदले की जणू त्याच प्रश्नाची वाट पाहत होते. "त्याचीच तं कमाल हाय! ब्रेक दाबल्यावर तं सगळ्याईचेच लागतात. मी स्विच बसवलं रेसच्या पायडलले. तुमी रेसवरून पाय उचलला का लागला! मतलब, तुमच्या मनात थांबायचं आलं, का मागच्याले समजलं."

मी कपाळावर हात मारला. "काका, रेसवरून पाय तर मी घटकेघटकेला उचलते. उतार आला की उचलते, खड्डा आला की उचलते. दिवा सारखा लागला, तर खरोखर ब्रेक मारीन तेव्हा मागच्याला कळणार कसं? तेव्हा तर तो आधीच लागलेला असेल!"

"लोकाईले सवय नाय मॅडम. सवय झाली का समजतीन." आणि मग लूमची गोष्ट सुरू झाली, जी गल्लीतल्या प्रत्येकाने दहादा ऐकली होती. लूममध्ये आडवा धागा नेणारा धोटा असतो, त्यात सुताची कांडी असते. ती संपली की धागा तुटतो आणि लूम थांबते. काकांनी तरुणपणी प्रत्येक लूमवर एक दिवा बसवला होता, कांडी संपत आली की आधीच लागणारा. "संपायच्या पहिले सांगायचं! मालकानं सगळ्याईच्या समोर पाठ थोपटली माझी." मी पुष्कळ वाद घातला, आवाज चढवला, पण ते मान हलवत राहिले. शेवटी "उठतो बरं" म्हणाले आणि उठून आत गेले.

यानंतर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगितल्याशिवाय काका पुरे होत नाहीत. दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी खकनारला गाड्यांच्या एका इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने वाकून पाहिलं, रेसच्या पायडलजवळचं लूमचं चिमुकलं स्विच काढून माझ्या हातात दिलं, आणि वायर ब्रेकच्या स्विचला जोडली. पाच मिनिटं. वर म्हणाला, "लाइट किसने बनाई? झकास बनाई है. बस कनेक्शन उल्टा था." म्हणजे दिवा पहिल्या दर्जाचा होता. फक्त जोडणी चुकली होती. मी ते स्विच पर्समध्ये टाकलं आणि घरी येऊन काकांना काहीही सांगितलं नाही. का नाही? मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, फुकटात एवढं केलं, त्यांना काय कळणार आहे. खरं सांगायचं तर मला पुन्हा वाद घालायचा कंटाळा आला होता.

हॉर्न थांबले. रिक्षावाले हसेनासे झाले. सुनील एकदा माझ्या मागून आला आणि म्हणाला, "आता छान चालवतेस हं. गेली भीती." मी दात-ओठ खाल्ले. शाळेत मी वेळेवर, मोबाइलवर हजर, खुलासे बंद. सगळं सुरळीत.

आणि काका? त्यांनी एक दिवस ओट्यावर बसून मला विचारलं, "काय मॅडम, हॉर्न मारतात काय आता?"

"नाही काका."

"बगा!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "म्हटलं नव्हतं? सवय झाली लोकाईले!"

मी हसले. नुसती हसले. त्या दिवसापासून काका गल्लीत, गिरणीवर, देवळात, जिथे दोन माणसं भेटतील तिथे सांगू लागले की आधी लोकांना समजलं नाही, हॉर्न मारले, पण दोन आठवड्यांत खकनार रोडचे लोक समजून गेले. "मॅडमले विचारा!" आणि लोक मला विचारत. मी "हो हो, छान चाललंय" म्हणे आणि पुढे सटके. दर वेळी वाटे, आता सांगून टाकू; दर वेळी आधीपेक्षा अवघड झालेलं असे. स्वतःचाच असा संताप येई की घरी येऊन भांडी आपटे. काकांनी मात्र एक नवी वही केली होती आणि तिच्यात आकृत्या काढायला लागले होते.

दिवाळीच्या आधी काका-काकी सुरतला निघाले. त्यांचा मुलगा दिलीप तिथे कापडाच्या कारखान्यात आहे, नुकतीच त्याने गाडी घेतली होती. निघायच्या दिवशी सकाळी मी चिवड्याचा डबा द्यायला गेले. काकी पिशव्या बांधत होत्या. काका खाटेवर बसून एका रुमालात काहीतरी गुंडाळत होते. पाहिलं तर माझ्या पर्समध्ये होतं तसंच लूमचं स्विच, वायरचं वेटोळं, पकड.

"दिलीपच्या गाडीले लावून देतो," काका म्हणाले. "पोराईले शाळेत सोडते तो रोज. तिकडच्या मोठ्या रस्त्यावर ट्रकच ट्रक. तुमच्या गाडीवर टेस्टिंग झालीच हाय."

माझ्या हातातला डबा मी खाली ठेवला. त्या गाडीत त्यांची दोन नातवंडं बसणार होती, आणि मागून येणाऱ्या ट्रकला, आपला पुढचा माणूस खरोखर थांबतोय की नुसता पाय उचलतोय, हे कधीच कळणार नव्हतं. आणि ही 'टेस्टिंग' माझ्या हसण्यावर झाली होती.

"काका, ते लावू नका," मी म्हटलं. "माझ्या गाडीला ते नाहीये. मी काढून टाकलं. खकनारला. दिवा ब्रेकवर घेतला, म्हणून हॉर्न थांबले. लोकांना सवय-बिवय काही झाली नाही."

काकींचे हात पिशवीच्या गाठीवर थांबले. काकांनी कान पुढे केला. त्यांना ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हणाले, मोठ्याने, आणि ते पुन्हा म्हणणं पहिल्यापेक्षा वाईट होतं.

"कधी?" त्यांनी विचारलं.

"रक्षाबंधनाच्या आधी."

त्यांनी रुमाल पुन्हा उलगडला. मग बोलले ते इतक्या हळू, की त्या माणसाला हळू बोलता येतं हे मला वीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

"कारखान्यात बी असंच झालं होतं. माझे दिवे. एका दिवाळीच्या सुट्टीहून आलो, तं एका बी लूमवर दिवा नाय. मालकाले विचारलं, तं म्हणे, जाऊ दे जगन, चहा पी. कोणी सांगितलं नाय काय चुकलं. मी समजलो, मालकाले बिजलीचं बिल जड गेलं असेन. पस्तीस वर्षं मी हेच समजून राहिलो." त्यांनी स्विच उचललं, फिरवलं. "ते बी सारखे लागत असतीन. कारागीर पाहतच नसतीन त्याईकडे. हाव ना?"

मी म्हटलं, "असेल काका."

"तेव्हाच कोणी सांगितलं असतं, तं तुमच्या गाडीले कायले लावलं असतं मी?"

मी माफी मागितली. म्हटलं, तुमचं मन दुखेल म्हणून बोलले नाही. त्यावर त्यांनी मान वर केली, आणि डोळ्यांत राग होता, सरळ, स्वच्छ राग.

"तुमी मास्तरीण हाय ना? पोराचं गणित चुकलं, तं लाल शाईनं रेघ मारता का नाय? का त्याच्या मनाले वाईट वाटते म्हणून बरोबरची खूण करता? मले म्हातारं समजून पास करून टाकलं तुमी."

काकी तिथेच होत्या. त्यांनी काकांना थांबवलं नाही. मी घरी आले आणि मोरीत जाऊन, नळ सोडून रडले. शाळेत आठवीपर्यंत नापास करायचं नाही म्हणून आम्ही मुलांना ढकलतो वर, आणि नववीत ती बुडतात तेव्हा सरकारला शिव्या घालतो. मी तर कुणी न सांगता हे केलं होतं, माझ्या सोयीसाठी, आणि वर त्याला चांगुलपणा म्हणत होते.

ते सुरतेला गेले. दिलीपच्या गाडीला काही लावलं नाही, हे काकींनी फोनवर सांगितलं. काका फोनवर आले नाहीत. परत आल्यावरही आठ-दहा दिवस समोरून "येऊन राहिलो" ऐकू आलं नाही. मी सकाळी गाडी काढी तेव्हा ते अंगणात दात घासत उभे असत आणि दुसरीकडे बघत. मला वाटलं, संपलं. माणूस एवढा एकच होता जो मला गाडी चालवू नको असं एकदाही म्हणाला नव्हता, आणि त्यालाच मी असं फसवलं.

मग एका रविवारी, मी ओट्यावर वह्या तपासत बसले होते, तेव्हा समोरून आवाज आला. मी इतकी घाईने उठले की चार वह्या खाली पडल्या. काका आले, पण बसले नाहीत. त्यांच्या हातात ती आकृत्यांची वही होती. उघडून माझ्यासमोर धरली. गाडीच्या मागचं चित्र, पट्टीने काढलेलं, नीटस. या वेळी पायडलचं काहीच नव्हतं. ब्रेक दाबला की दोन्ही दिवे दहादा लुकलुकतील आणि मग स्थिर होतील, असं काहीतरी. बाजूला बाण, बाणाशेजारी वळणदार अक्षरात 'मागचा माणूस'.

"तपासा," ते म्हणाले, आणि हात मागे बांधून उभे राहिले, माझ्या दुसरीतल्या मुलांसारखे.

मी नीट पाहिलं. खूप वेळ पाहिलं, कारण बरोबर असावं अशी माझी फार इच्छा होती. पण दहादा लुकलुकायला लागणाऱ्या वेळात मागचा माणूस दिवा थांबण्याची वाट बघत माझ्या डिकीत येऊन बसला असता. शिवाय वळायचे दिवेही लुकलुकतात. त्याला वाटलं असतं, ही बाई वळतेय. मी मान वर केली. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मला "छान आहे" म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आला होता.

मी लाल पेन उचललं आणि त्या देखण्या चित्रावर आडवी रेघ मारली. रेघ वाकडी आली. खाली लिहिलं: 'उशीर होईल. वळतोय असंही वाटेल. पुन्हा करा.'

काकांनी वही हातात घेतली, चष्मा कपाळावर सारून शेरा वाचला. एकदा, दोनदा. ओठ हलत होते.

"म्हंजे नापास?"

"नापास, काका."

त्यांनी वही मिटली, काखेत मारली आणि वळले. गल्ली ओलांडता ओलांडताच, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात ओरडले, "ऐकलं का व? मी नापास झालो!" आतून काकींचा आवाज आला, "मंग ओरडता कायले? बसा अभ्यासाले!"

त्यानंतर काका आठ महिने जगले. त्या आठ महिन्यांत मी त्यांना आणखी तीनदा नापास केलं.